आठ बत्तीसांश

टायरच्या दुकानातला पोरगा गुडघ्यावर बसून
खाचेत पट्टी घालतो आणि म्हणतो,
दोन उरलेत. नवे होते तेव्हा दहा.
इंचाचे बत्तीस भाग करून मोजतात इथे.
दहातून दोन. आठ.
मी कार्ड पुढे करते, पैसे देते,
आठ कुठे गेले ते विचारत नाही.

चंदन झिजलं की गंध मागे राहतो, असं
शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं.
टायरबद्दल भिंतीवर काही नव्हतं.

ते रुथॅन लिंडक्विस्टनं सांगितलं,
सिअ‍ॅटलमध्ये, थॉर्न्टन ओढ्याच्या काठी,
पाऊस रात्रभर पडून नुकताच थांबला होता.
मी भांडायला गेले होते.
आमच्या गल्लीतल्या पार्किंगच्या तीन जागा उकरून
तिथे वाळू, कंपोस्ट आणि लव्हाळं भरायचं चाललं होतं
आणि विरोधाच्या अर्जावर दुसरी सही माझी होती.

ती कमरेपर्यंतच्या रबरी बुटांत पाण्यात उभी.
हातात कोहो मासा, हातभर लांब,
समुद्रातून उलटा चढून आलेला.
मरण्याआधी गोल गोल फिरत होती, ती म्हणाली,
पार्किंग शोधत असल्यासारखी.
मग चाकू चालवला.

अंडी. नारिंगी, टपोरी, खच्चून भरलेली.
एकही घातलेलं नाही.
दिवस भरले होते तिचे,
आपल्याकडे हे दोन्ही अर्थांनी म्हणतात.
रुथॅननं वहीत एक रेघ ओढली
आणि शेपूट कापून टाकलं,
तीच मासोळी उद्या पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून.

कारखाना कुठला, मी विचारलं.
कारखाना नाही. रस्ता.
तिनं काठावरच्या सिमेंटच्या नळाकडे हनुवटी केली.
ब्रेक दाबतो तेव्हा, वळतो तेव्हा, थोडं थोडं.
मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, बाई.
सहा टायर.

सही मी मागे घेतली नाही.
पुढच्या सभेला फक्त गेले नाही.

आता आमच्या फुटपाथच्या दगडात एक फट आहे,
पडलेल्या दाताएवढी.
काळपट पाणी तिथून आत शिरतं,
लव्हाळ्यात थबकतं, गोंधळतं,
माती त्याला घाई करू देत नाही.
खाली कुठेतरी ते वस्त्रगाळ होऊन ओढ्याला लागतं.
ही एक गल्ली. पलीकडे महामार्ग
रात्रभर घोंघावतच असतो.

मी गाडी दोन गल्ल्या सोडून लावते,
भिजत घरी येते, कुरकुरते.
मेपलची पानं साचून फट बुजलेली असते.
वाकून बोटांनी ती मोकळी करते.
नखांत काळं अडकतं,
साबणानं दोनदा धुऊनही राहतं,
त्या आठांतलंच काहीतरी.