साच्याची खूण

वीट अजून झालेलीच नाही.
साचा राजकोटहून यायचाय,
आणि शेठना खोक्यावर फोटो हवाय गुरुवारपर्यंत.
म्हणून जळगावात, गच्चीवरच्या खोलीत,
मी नसलेल्या विटेचा फोटो काढते आहे.

पहिली दहा मिनिटांत झाली.
चौकोन, वर आठ बटणं, रंग पिवळा.
इतकी बरोबर होती
की डोळा तिच्यावर टेकेचना,
घसरून जायचा.

मग हळूहळू कळलं,
जगात धड काटकोन कुठेच नसतो.
प्रत्येक कड थोडी माघार घेते,
दोन दशांश मिलिमीटर,
तिथेच उजेड अडकतो
आणि वस्तू आहे असं वाटतं.
कानाच्या पाळीतून ऊन दिसतं ना,
तसा तो प्लास्टिकमध्येही जरासा मुरतो.

दोन विटा कधी सरळ बसत नाहीत.
प्रत्येकीला केसभर तिरकं केलं,
एकीला नखाचा ओरखडा,
एकीला अंगठ्याचा ठसा, माझाच.
तो याआधी फक्त रेशनच्या यंत्राने मागितला होता.

आकाशही लागतं.
तयार मिळतात: स्टुडिओची, बर्फाची,
कुठल्या तरी परदेशी बंदराची.
ती लावली की वीट पाहुणी दिसायची.
म्हणून पहाटे मेहरूण तलावावर गेले,
काठावर स्टँड रोवला,
गोल फिरत सगळं आभाळ टिपलं
आणि घरी आणून विटेवर पांघरलं.

रेंडर रात्री अकराला लावते.
मे महिना. भिंत आतून तापलेली.
कूलरचं तोंड माझ्याकडून काढून
मशीनकडे केलेलं.
चित्र आधी नुसतं दाण्यांचं असतं,
सुपात दादर पाखडावी तसं
फोल उडत जातं, उडत जातं,
बटणाची एक कड दिसते.
तीन चाळीसला लाइट गेली.
एकोणनव्वद टक्के.
अंधारात थोडा वेळ बसले,
मग आली तेव्हा परत पहिल्यापासून.

सकाळी लोटनमामा जिना चढून आले,
रात्रपाळी संपवून, हातात डबा.
सव्वीस वर्षं मोल्डिंगच्या मशीनवर.
पडद्याच्या इतकं जवळ नाक नेलं
की वाटलं, वास घेतायत.

"हाई साचामाईन निंघेल नई शे."

का?

"गेटना डाग कोठे शे?"

खिशातून बाटलीचं झाकण काढून उलटं केलं.
मधोमध एक बारीक फोड.
वितळलेलं प्लास्टिक जिथून आत शिरतं
तिथली तुटल्याची खूण.
बेंबीच म्हणा.
"इतलं चोखं काहीच जलमस नई," म्हणाले,
आणि झोपायला खाली गेले.

तो दिवस मी घरभर बेंब्या शोधत फिरले.
बादलीला होती. कंगव्याला होती.
माउसला पोटावर, कूलरच्या बटणाला पाठीवर.
पस्तीस वर्षं या वस्तूंबरोबर राहतेय,
एकीचीही विचारपूस केली नव्हती.

डाग केला. तिसऱ्या बटणावर, मधोमध.
पुन्हा एक रात्र.
वीट पहिल्यांदा टेबलावर बसल्यासारखी दिसली,
वजन आल्यासारखी.

शेठ म्हणाले, "ताई, एवढं ते पुसून टाका.
गिऱ्हाईक म्हणेल, माल खराब."
पुसलं. खोकी छापून झाली.

साचा आषाढात आला.
मामांनी पहिल्या घाण्यातली एक वीट
मुठीत धरून आणली, अजून कोमट.
डाग होता, पण खाली, पोकळ नळीच्या आत,
मी कधी विचारही केला नव्हता तिथे.
पडद्याशेजारी ठेवली.
ट्यूबलाइटमध्ये, खरं सांगते,
ती थोडी खोटी वाटली.
मामांना हे बोलले नाही.

खोकी आता शहाद्याला, साक्रीला
दुकानांच्या दोरीला लटकत असतील.
त्यांच्यावर डाग नाही.
पण वरच्या ओळीतल्या डाव्या बटणावर,
चकाकी आहे तिथे, कुणी भिंग धरलं तर
मेहरूणचं पाणी दिसेल, पालथं आभाळ,
आणि काठावर, स्टँडमागे वाकलेला
एक काळा ठिपका.

तो पुसायला मला कुणी सांगितलं नाही.