अंगचा कीबोर्ड

मंगळवारी उसाचा रस सांडला. अर्धा ग्लाससुद्धा नव्हता.
कोर्ट नाक्याला माझं टेबल
झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखाली आहे,
वर जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय माझ्या डोक्यावरून जातो.
त्यातल्याच एका पायाचा धक्का.

पुसलं. पालथा घालून पंख्याखाली ठेवला.
तांदळात ठेवा म्हणाले लोक. कोलम काय भावाने आहे?
गुरुवारी तो आपणहून लिहायला लागला:
न.
ननननननननन.
माझे दोन्ही हात मांडीवर होते.

समोर चेंदणीची हर्षला तांडेल,
सोबत दोन भाऊ, एक भावजय, पेढ्यांचा पुडा.
हक्कसोडपत्र.
मला ते तोंडपाठ आहे, अंघोळ करतानाही म्हणू शकेन:
मी लिहून देणार, राजीखुशीने,
कोणाच्याही दडपणाशिवाय,
वडिलोपार्जित मिळकतीतला माझा हिस्सा
भावांच्या लाभात कायमचा सोडून देत आहे
आणि मग पूर्णविरामाच्या जागी
न न न, ओळ भरली, खालची भरली,
पान दोन.

हे काय, थोरला म्हणाला.
चिकटलंय, मी म्हटलं.
हर्षला टेबलावर वाकली.
चष्मा घरी विसरली होती, डोळे बारीक करून बघत राहिली.
किती ओळी झाल्या हो, तिने विचारलं.
भावजयीने पुडा या हातातून त्या हातात घेतला.

गावदेवीहून नौशादला बोलावलं.
म्हणाला, मावशी, अंगचा बंद करू, बाहेरचा लावू.
डिव्हाइस मॅनेजर उघडला. यादीत नाव होतं,
पण बंद करायचं बटण फिकट, दाबलंच जाईना.
आतल्याला असं सरळ बंद करू देत नाहीत, म्हणाला,
आणि त्याला यादीतूनच उडवला.
रीस्टार्ट केला तर परत हजर, न सकट.
तीनदा उडवला.
पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडलेलं मांजर
दारात येऊन बसावं, तसा तीनदा आला.

मग त्याने लॅपटॉप उपडा केला.
अकरा स्क्रू माझ्या डब्याच्या झाकणात, लोणच्याच्या तेलात.
आत एक पट्टी होती, बोटभर रुंद, पतंगाच्या कागदाएवढी पातळ.
ती त्याने नखाने सोडवली.
न थांबला.
मला वाटलं होतं, काहीतरी आवाज होईल.

साडेतीनशेचा बाहेरचा कीबोर्ड
आतल्याच्या छातीवर ठेवला आणि पत्र नव्याने केलं.
स्वच्छ. दोन पानं, काना-मात्रेची चूक नाही.
सगळे निबंधकाकडे निघाले. हर्षला चप्पल शोधत मागे राहिली,
म्हणाली, ते आधीचं पान आहे का अजून?
नाही, मी म्हटलं.

आहे. तांडेल-एक या नावाने आहे.

माझं स्वतःचं मीच टाइप केलं होतं,
अठ्ठ्याण्णव साली, मशीनवर, तीन कार्बन लावून.
शहापूरची बावीस गुंठे, विहिरीच्या चौथ्या हिश्श्यासह.
मामांनी पान उजेडात धरलं,
म्हणाले, काय सुबक काम आहे पोरीचं.
मी लाजले होते.
खरंच लाजले होते, तेच आठवतं,
विहीर नाही.

संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं.
बाहेरचा कीबोर्ड उचलून बाजूला ठेवला.
खाली आतला होता तसाच, थोडा चकाकत,
दोन मुंग्या शिफ्टच्या कडेने जात होत्या.
तर्जनीने न दाबला.
खाली गेला. वर यायला जरा वेळ लावला.
पडद्यावर काही उमटलं नाही.
पुन्हा दाबला.
वरून कोणीतरी दिवे मालवत
जिना उतरत होतं.