श्वास धरा

मे महिना, सकाळचे साडेपाच.
सेमिनरी हिल्सच्या उतारावर दिवसातला एवढाच काय तो गारवा.
मी सागाखाली उकिडवी बसले आहे, गुडघे कुरकुरतात,
आणि मोबाइल धरला आहे एका किड्यासमोर
ज्याचं नाव मला माहीत नाही.
पाठीवर तांब्याची चकाकी. एक मिशी तुटलेली.
"हलू नका," मी म्हणते. "जरा इकडे. हं."
केतकी हसते :
"आत्या, किड्याला काऊन अहो-जाहो करून राहिली तू?"

गोळीबार चौकात बाबांचा स्टुडिओ होता.
'हेडाऊ आर्ट', त्यातला 'र्ट' पावसाने खाल्लेला.
समोर कोणीही बसो,
मागावरून तसाच उठून आलेला विणकर,
पाठीत ताठ झालेली नवरी,
पहिलीतलं शेंबडं पोर,
बाबांचा सूर तोच :
हनुवटी वर. हलू नका. श्वास धरा.
मग खटका.
मग, "सोडा."

उन्हाळ्यात डेव्हलपर तापायचा.
मी कारखान्यातून बर्फ आणायची,
गोणपाटात, पळत, फ्रॉक ओला करत.
अर्धा ट्रेखाली, उरलेला माझ्या गालात.
लाल दिव्यात मी पाहायची
पाण्यातून माणूस वर येताना :
आधी केस, मग भुवया,
नाक सगळ्यात शेवटी.

निगेटिव्ह दिव्यासमोर धरून बाबा विचारायचे,
"हे कोण, सांग."
पांढरे केस म्हणजे तरुण, काळे म्हणजे म्हातारं,
दात मात्र सगळ्यांचेच काळे.
मी ओळखायची.
एकदाच चुकले.

ते मेयोत.
बंद दारापलीकडून ऐकू आलं, "श्वास धरा."
आत बाबांनी हनुवटी वर केली असणार,
कोणी न सांगता.
नंतर उजेडाच्या पेटीवर डॉक्टरांनी फिल्म लावली.
बरगड्या होत्या, मधे धुरकट काही होतं,
बाबा मला त्यात दिसलेच नाहीत.

किडा उडाला. फोटो हलला.
(असे चारशे आहेत माझ्याकडे, पुसवत नाहीत.)
तो बसला होता ते पान तेवढं राहिलं,
कधीतरी अळ्यांनी चरून टाकलेलं सागाचं पान,
हिरवं सगळं गेलेलं, शिरा शाबूत :
मधे एक जाड कणा,
दोन्ही बाजूंनी वाकत गेलेल्या काड्या,
आणि त्यांच्यात जाळी, इतकी बारीक
की वारासुद्धा गाळून यावा.

देठाला धरून मी ते उचलते,
नुकत्याच वर आलेल्या सूर्यासमोर धरते.
माझी हनुवटी आपोआप वर.

या खेपेला वेळ लागत नाही.

"त्यात काय आहे बाप्पा एवढं?" केतकी म्हणते.
"घे ना लवकर, ऊन चढून राहिलं."