अकरावी काडी

खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी मापं घेतली.
केसभर चूकही पास केली नाही,
म्हणून मित्र कमी.
निवृत्तीला बाकीच्यांनी घड्याळ घेतलं,
मी माझा जुना व्हर्नियर मागून घेतला.

आता रोज सकाळी, बोपोडीत, बेसिनच्या आरशापुढे
तो तोंडात घालतो.
त्याच्या टोकांनाही वर्कशॉपात जॉच म्हणायचे.
वरच्या पुढच्या दातापासून खालच्यापर्यंत
एकोणीस मिलिमीटर.

"साधारण चाळीस हवं," डॉक्टर बागवान म्हणाल्या.
"म्हणजे रिजेक्ट."
त्या हसल्या नाहीत. रीवर्क, म्हणाल्या.

रास्ता पेठेत जिना चढून त्यांचा दवाखाना.
माझ्या धाकटीपेक्षा लहान आहेत,
बोटं बारीक, एकोणीसमध्ये मावतात.
जुनी फाइल त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचली:
गालाच्या आतली गाठ, तेहेतीस शेक.

शेक म्हटलं की मला आई आठवायची,
तव्यावर तापवलेलं फडकं, कानामागे.
हा शेक दिसला नाही, चटका नाही,
गाठ घेऊन गेला
आणि जाताना लाळ घेऊन गेला.
मी पाण्याची बाटली घेऊन फिरतो,
दोन वाक्यांमध्ये एक घोट.

चैत्रात जिभेला काही टोचलं.
शेंगदाण्याचा तुकडा असेल म्हणून खूप कोरलं.
हाड होतं.
माझंच.

तिथेच शेजारी किडलेली दाढ.
म्हटलं, उपटा.
"नाही काका. त्या हाडात रक्त नीट पोचत नाही.
दाढ काढली तर खड्डा भरणार नाही."
मी पुण्यात राहतो, मला खड्ड्यांचं काय सांगता,
असं म्हणायचं होतं,
पण तोंडात नळी होती.

मग त्यांनी मूळ जागच्या जागी ठेवलं,
आतून साफ करून बुजवलं,
वरची दाढ हिरडीपर्यंत कापून आणली.
तीन खेपा, प्रत्येक वेळी थोडं,
कारण मी दमतो, जबडा त्याआधी.
घरी येऊन जीभ फिरवली:
कुठे धार नाही, बर नाही.
पास.

तंबाखूबद्दल त्यांनी एकदाच विचारलं.
मी एकदाच सांगितलं.

आता रात्री दातांवर जेलचे ट्रे, दहा मिनिटं.
त्या दहा मिनिटांत कला सगळं बोलून घेते,
दूधवाल्याचं, भावाच्या जमिनीचं,
उत्तर येणार नाही हे धरून.
दिवसातून चारदा आइसक्रीमच्या काड्या,
एकावर एक, दातांमध्ये.
एक काडी एक पूर्णांक नऊ. मोजलीय.
दहा काड्या बसतात.
अकरावी डोळ्यांतून पाणी काढते.

परवा सहज चमचा मोजला.
पूर्वीचा नव्हता.
कधीतरी, मला न सांगता, लहान झालेला.
मग ताटाकडे पाहिलं, मग तिच्या ताटाकडे.
तिचीही भाकरी दुधात भिजलेली,
तिचीही काकडी किसलेली.
तिचे दात शाबूत आहेत. सगळे.

आणि मला, इतका मोठा इन्स्पेक्टर,
चार वर्षं ऐकू आलं नव्हतं
की या घरात काहीच कुरकुरत नाही.

"पापड भाज," म्हणालो.
"तुम्हाला कशाला?"
"मला नको. तुला."
ती बराच वेळ गॅसपाशी उभी होती.
उडदाचा होता, डब्याच्या तळाचा, थोडा खवट.
माझ्याकडे पाठ करून तिने तुकडा मोडला,
मग दुसरा, जोरात.

मी काड्या घेतल्या.
आठ, नऊ, दहा.
ती चावत होती तोवर
अकरावीचं टोक दातांना लावून धरलं.