पाव इंच

खाण बंद पडली तेव्हा माझ्या हाताशी
फक्त गोल करणं होतं.
बावीस वर्षं लेथवर:
बुश, पुल्या, टिप्परच्या चाकांचे हब.
लोखंड फिरायचं, हत्यार थांबायचं,
निळा तापला कीस भुईवर सांडत
गोलाई आपसूक उतरायची.

आता डिचोलीत, आवेलिनाबायच्या गॅरेजात
बारा फुटी मशीन आहे.
स्विंडनहून परतताना तिनं आणलेलं;
सोबत दुखरे गुडघे
आणि कपात आधी दूध ओतायची सवय.
इथं सगळं उलटं.
कापड रुळांवर ताणून गप्प पडलेलं,
फिरायचं ते मशीनच्या मुंडक्यानं,
म्हणजे मी.
ती म्हणते क्विल्ट. माझी आई वाकळ म्हणायची.
बिलावर आम्ही लिहितो, शिलाईकाम.

पहिल्या महिन्यात माझी वर्तुळं
झाडून सगळी बटाटे.
मग तिनं कपाटातून ॲक्रिलिकचे साचे काढले,
पाव इंच जाड, कडा घासून गुळगुळीत,
घसरू नयेत म्हणून पाठीला खरखरीत पट्ट्या.
सुईभोवतीचा पाय बदलला, जाड ओठाचा बसवला,
खाली रुंद पाट जोडला,
साच्याला टेकायला जमीन हवी ना.
"डावा हात साच्यावर, उजवा दांड्यावर.
दाबू नको. सोडूही नको."
लग्नात भटजीनंही मला इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

मुख्य गोष्ट मात्र मलाच कळत गेली:
टाका साच्याच्या कडेवर पडत नाही.
पायाचा ओठ कडेला टेकून चालतो,
सुई त्याच्या मधोमध,
पाव इंच लांब.
आठ इंची वर्तुळ हवं
तर साडेसातचा साचा उचलायचा.
जे हातात धरतो ते शिवलं जात नाही,
त्याच्या बाजूनं काहीतरी शिवलं जातं.

शिमगा सरल्यावर नार्व्याहून कुमुद फडते आली,
काजूच्या पोत्यात नऊ शर्ट घेऊन.
नवरा फेरीबोटीवर होता, एकतीस वर्षं.
खाकी कापड, विरलेल्या कॉलरी,
एका बाहीवर साखळीचा गंज.
"तो डाग काढू नका. खिसे तसेच ठेवा.
आणि टाके गोल घाला.
जन्मभर या काठावरून त्या काठाला गेला.
एकदा तरी वळू दे."

आमच्याकडे पूर्ण वर्तुळाचा साचा नाही.
अर्धाच आहे.
त्याची रेघ खडूच्या खुणेवर ठेवायची,
अर्धं शिवायचं,
सुई कापडात रोवून साचा उचलायचा,
उलटा करून उरलेलं अर्धं.
मी काही बोललो नव्हतो.
पण ती स्टुलावर बसून पुटपुटत होती,
"दिवाडी."
मी साचा उलटला.
"नार्वे."

सहाव्या शर्टाच्या खिशापाशी पाय अडला.
तिथं सात पदर.
मोटार बंद केली, चाक हातानं फिरवलं,
एक टाका.
थांबून,
एक टाका.
आणि अखेर टोकाला टोक भिडलं नाही,
सुताएवढी फट राहिली.
लेथवर असतं तर तुकडा भंगारात गेला असता.

मी उसवायला घेतलं तशी ती उठली,
चष्मा कपाळावर सारला,
फटीवर बोट ठेवून बघत राहिली.
"भरतीला असाच लागायचा धक्क्याला," म्हणाली,
"जरा वर. माणसं उडी मारून उतरायची."

आवेलिनाबायनं बिलातले चाळीस रुपये खोडले.
मी बॉबिन बदलली.
अजून तीन वर्तुळं बाकी होती.