हे काढू नका

पौषातला शनिवार. बामणोदच्या शिवारात
पऱ्हाट्यांच्या जाळावर चाळीस वांगी,
आणि भोवती आम्ही सात जण, पाठ गार, तोंड भाजलेलं,
जळगावात चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर
आठवडाभर कंस जुळवणारे.

हेमराज भंगाळे मोबाइल उंच धरतो,
रेंज इथे बाभळीच्या शेंड्याला असते,
आणि दवंडी दिल्यासारख्या बातम्या वाचतो.

"अमक्या कंपनीनं बारा हजार माणसं काढली.
शेअर वर गेला."
कुंदा बऱ्हाटे वांगं उलटते:
"अजून बारा हजार काढा म्हणा, आभाळाला टेकेल."

"तमक्या कंपनीचा साहेब म्हणतो,
सहा महिन्यांत प्रोग्रामर लागणारच नाही."
"मागच्या पौषातबी सहाच म्हणत होता ना भो?"
"मुदतवाढ मिळाली त्याला."
वासिम हसतो, जरा उशिराच.
त्याच्या प्रोजेक्टला मिळाली नव्हती.

"नवं फ्रेमवर्क आलं. जुन्याच्या दहापट वेगवान."
कुणी काही बोलत नाही.
आमच्यातले चौघं अजून जुनंच शिकताहेत.

"क्लाउड बसलं. अर्धं जग तीन तास बंद."
"सावद्याचा काटा चालू होता," मी म्हणतो.
"त्याला अजून कोणी इंटरनेट दाखवलेलंच नाही."

नवा ट्रेनी वांगं सोलायला घेतो,
पहिलं देठच मोडतो.
शेतमालक भिरूडकाका लांबून ओरडतात,
"देठ नको काढू रे बाप्पा!"
"का?"
"मग धरशीन कुठून?"

म्हणून मला ती मे महिन्याची गोष्ट सांगावी लागली.

सावद्याच्या केळीच्या वजनकाट्याचा प्रोग्राम,
वीस वर्षांपूर्वीचा, पाचपांडे सरांच्या हातचा.
नऊशे ओळी. कॉम्प्युटरचा पंखा
शिलाई मशीनसारखा वाजतो.
मी सगळा कोड त्या बोलणाऱ्या यंत्राला दिला.
ते म्हणालं, वा, फार छान प्रश्न.
(मी प्रश्न विचारलाच नव्हता.)
नऊशेच्या नव्वद झाल्या,
दिवाळीत घासलेल्या पितळी ताटांसारख्या.
मी दोनदा वाचल्या, नुसत्या सुखानं.

सोमवारी सव्वीस ट्रक रांगेत,
आणि काट्यावर हमरीतुमरी.

शोधलं तर एक ओळ गेली होती:
महिना पाच असेल आणि बारा वाजून गेले असतील
तर घट निम्मी.
वर सरांची टीप: हे काढू नका.
कारण? काही नाही. नुसतं, हे काढू नका.

सर आता फैजपूरला, निवृत्त, मोतीबिंदू झालेले.
फोनवर आधी जेवलास का विचारलं.
मग म्हणाले, अरे, घडांखाली ओली पानं अंथरतात ना ट्रकमध्ये,
त्यांची घट कापतो आपण.
मे महिन्यात दुपारी काट्यावर येईस्तोवर
पानं वाळून कागद होतात.
वाळल्या पानांचं ओलं वजन
कापशीन कसं माणसाचं?

शेहेचाळीस डिग्री होतं त्या दिवशी.
मी ओळ परत ठेवली, जिथं होती तिथंच,
सरांच्या टीपेखाली माझी एक लिहिली:
मीपण काढली होती. तारीख. सही.
ही काही बातमी झाली नाही.

"पण यंत्राला सांगितलंस का, पानांचं?" वासिम विचारतो.
"सांगितलं."
"मग?"
"म्हणालं, तुमचं अगदी बरोबर आहे, दिलगीर आहे."
"मग?"
"मग पुन्हा काढली."

कुंदाला ठसका लागतो, धुरानं की हसण्यानं कोण जाणे.
बडजीत मुसळ पडू लागतं, हिरव्या मिरचीचा खकाणा उठतो,
हेमराज अजून हात वर करून उभा:
"थांबा रे, एक मोठी बातमी उघडतेय..."
गोल फिरतंय, फिरतंय.

"फिरू दे," काका म्हणतात, "तवर पानं पुसा."