मूठ

पोरांनी विचारलं, थरथर कळते का?
मी म्हटलं, कसली?
चाळीस वर्षं विड्या वळल्यात या हातानं.
अंगठ्याच्या पेरावर घट्टा आहे,
तिथं सुई वाकते,
तुमची थरथर कुठून शिरणार.

बागवानांचा सुहेल म्हणाला, मावशी, जोर वाढवतो.
वाढवला.
शेजारचा पॉवरलूम माझ्या मनगटात सुरू झाला.
अरे, आंधळी आहे मी, बहिरी नाही,
ओरडायला नको सांग त्याला.

मग मीच मूठ डाव्या हातात घेतली.
डाव्यानं जन्मभर नुसतं पान धरलं,
तळवा अजून मऊ आहे.
आणि ऐकू आलं, तळव्याला.
एक टिचकी : कुडी.
दोन टिचक्या : एडम.
पोरं म्हणतात उजवी, डावी. म्हणू देत.
मला दिशा आईनं तेलुगूत दिल्या.
लांब, सावकाश घरघर म्हणजे थांब,
पुढं काहीतरी आहे,
काय ते त्यालाही ठाऊक नाही.

मे महिन्यात मूठ तव्यासारखी.
पदर गुंडाळला, तर टिचकी मुकी.
काढला, तर हात पोळतो.
शेवटी टॉवेल ओला करून पिळला
आणि त्याची नुसती कड गुंडाळली, एक पदरी.
सुहेलनं वहीत लिहून घेतलं,
टॉवेल, ओला, कड.

कारखान्यात मुनीम बंडल चिमटीत दाबतो,
सैल लागलं की छाट.
मीही याला तसंच दाबून बघते.
गटारापाशी टिचकी उशिरा आली,
छाट.
झोपलेल्या कुत्र्याला वळसा घातला,
हे चाललं.

अशोक चौकात एका दुपारी तो गप्प झाला.
टिचकी नाही, घरघर नाही,
हातात नुसतं लोखंड.
मागं रिक्षा कोकलतेय.
इथं कढईचा वास उजवीकडून येतो,
म्हणजे घर डावीकडं.
मी मुठीवर दोन टिचक्या मारल्या.
एडम, बाबा.
चाकं कुरकुरली, पण वळली.

कुणाचं तरी पोर विचारतं,
आजी, याला कुठं नेताय?
घरी.
त्याला आज दिसत नाहीये.

रात्री तो कोपऱ्यात चार्जिंगला.
मी सूप मांडीवर घेतलं.
सातशे झाल्या असतील,
डाव्या हातात एक टिचकी लागली.
थांबले.
दोरा तुटला होता.